चकोर पाण्यावर उतरले नाहीत

लातूरच्या भूकंपानंतर काही वर्षांनी माझी पोस्टिंग नियंत्रण रेषेवरच्या एका उंच पोस्टवर झाली. मी हवालदार. हाताखाली बारा माणसं. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्चात, सहाला चहा, साडेसहाला पाणी पार्टी खालच्या नाल्यातल्या झऱ्यावर जायची. तीन जवान, सहा जेरीकॅन. बाकी दिवसभर दुर्बीण आणि लॉगबुक. समोर जे हलेल ते वेळेसह लिहायचं. अशा ठिकाणी माणूस कंटाळून सडतो.

सडला नाही तो एकच. शिपाई व्यंकट, औशाकडचा. मी मुदखेडचा, म्हणजे मुलुख एकच, त्यामुळे तो माझ्याशी जरा सलगीनं वागायचा. त्याच्या ड्युटीत लॉगमध्ये अशा नोंदी: '०६१०. चकोर नऊ, झऱ्यावर.' '११४०. गिधाडानं हाड खडकावर टाकलं. तिसऱ्या वेळी फुटलं.'

मी झापलं. "हे काय लिहून राहिलास रे?"

"उस्ताद, हलंल ते लिवा म्हणलात. हे बी हलतंय की."

चकोर चांदणं पितो, एवढंच मला शाळेपासून ठाऊक. त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. लाल चोचीचं गुबगुबीत पाखरू, आपल्या तित्तराचं भावंड, मातीत खडे उकरत होतं. "बघा, चांदणं पितंय," व्यंकट म्हणाला. मी पोट धरून हसलो.

हे खूळ कुठून लागलं, असं एकदा विचारलं. म्हणाला, "भूकंपात घर अंगावर बसलं. माय गेली. मला दुपारी दगडाखालून काढलं. डोळे उघडले तर पडक्या भिताडावर साळुंकी किडा खात व्हती. लई राग आला तिचा. मग वाटलं, आपुन बी हाव की अजून. तवापासून रोज एक तरी जीव नीट बघायचा आन् म्हणायचं, भेटला बाबा आजचा दिवस."

खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली. सहा दहाला चहाचा मग हातात आणि नजर झऱ्यावर. चकोर उतरले की बरं वाटायचं. घरच्या पत्राची वाट बघणंही कमी झालं होतं.

मग कंपनी कमांडर इन्स्पेक्शनला आले. लॉग चाळला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हवालदार, ये लॉगबुक है या चिड़ियाघर?" जवान फिसकन हसले. माझी पुरती शोभा झाली. साहेब गेल्यावर मी व्यंकटला ऑर्डर दिली, यापुढं पाखरांचं एक अक्षर लिहायचं नाही.

आठ दिवसांनी, सकाळी सहा वीस. व्यंकट ओपीतून, म्हणजे टेहळणीच्या मोर्चातून, धावत आला.

"उस्ताद, आज चकोर पाण्यावर उतरले न्हाईत. समदे एकदम उडून वरच्या कड्यावर गेले. नाल्यात कोनतरी हाय."

"कोल्हा असेल."

"कोल्ह्याला इतके भीत न्हाईत ते. पार्टी थांबवा. निदान लॉगात तर लिवू द्या."

मला साहेबांचं वाक्य आठवलं आणि टाळकं सरकलं. "लिहायचं नाही. लई पुळका आलाय ना पाखरांचा? जा, एकाच्या जागी तूच पार्टीत जा. जवळून बघ." त्या दिवशी त्याची पाळी नव्हती.

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, "जी उस्ताद" म्हणाला आणि जेरीकॅन उचलले.

सहा सत्तेचाळीसला फायर ऐकू आला. पाठोपाठ वायरलेस सेटवर आवाज. "पोस्ट, पाणी पार्टी. नाल्यातून फायर. व्यंकट डाऊन. ओव्हर." आम्ही वरून कव्हरिंग फायर दिला. दोघं परत आले. तिसऱ्याला आम्ही सव्वाआठला आणला.

चौकशीत विचारलं, "आधी काही संशयास्पद दिसलं होतं?" मी म्हणालो, "नो सर." लॉग कोरा होता. कोरा मीच ठेवलेला.

निवृत्तीनंतर लातूरला क्लासवाल्यांच्या एका मुलींच्या हॉस्टेलवर सिक्युरिटीत लागलो. गेल्या जूनमध्ये एक म्हातारे नातीला सोडायला आले. माझ्या मिशा बघून म्हणाले, "फौजेत व्हता का? आमचा पोरगा व्यंकट बी व्हता." गाव विचारलं. औशाकडचंच निघालं. मी त्याचा हवालदार, असं सांगितलं.

त्यांनी माझा हात धरला. "साहेब, गावात समदे म्हणतेत, पाखरं बघत बसला आन् गोळी खाल्ली. मला बी तसंच वाटतंय. इतकी वर्सं त्यालाच बोल लावून राहिलो. खरं काय झालतं?"

सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "धुकं होतं काका. काहीच दिसत नव्हतं."

"असं व्हय. म्हंजी लेकराची चूक न्हाई." त्यांनी मला हात जोडले. मला! मी ते जोडू दिले. त्यांच्या नातीची ट्रंक तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली.

तोंडानं बोलायची छाती झाली नाही, म्हणून इथं लिहितो. त्या सकाळी धुकं नव्हतं. आभाळ लख्ख होतं. शिपाई व्यंकटनं नाल्यात माणसं असल्याचा रिपोर्ट सहा वीसला दिला होता. तो मला दिला होता.