वहीची कड

बाप्तिस्म्याच्या वहीच्या कडा मी कापल्या. तीन बाजूंनी, कटिंग मशीनखाली घालून, एकदम साफ. वर स्वतःवरच खूश होऊन अंगठ्यानं पानं फरफरवून बघितली.

माझं भिवंडीत बाईंडिंगचं दुकान आहे. लूमवाल्यांचे गेटपास, वडप्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची चलनबुकं, हेच माझं साहित्य. चलनबुकं बांधणाऱ्याला कडेचा कागद म्हणजे कचरा. चर्चच्या ऑफिसातल्या टीचर ती वही मांडीवर घेऊन रिक्षानं आल्या होत्या. शिवण सुटलेली, पुठ्ठा लोंबणारा. म्हणाल्या, "दोन महिन्यांनी आर्चबिशप यायचे हाईत. ते वह्या उघडून बघतात, मग सही करतात. नीट बांध." मी नीट बांधली. कडेच्या रकान्यात बारीक अक्षरात काही लिहिलेलं मला दिसलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, कुणीतरी पेन चालतंय का ते बघितलंय.

त्या ऑफिसात कधी गेला असाल तर टीचर तुम्हालाही भेटल्या असतील. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात बारीक क्रूस, आणि उजव्या हाताची तर्जनी कायम शाईनं निळी. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली पहिली शिकलेलं. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी चर्चचं ऑफिस धरलं. कुणीही दाखला मागायला आलं की त्यांचं बोट आधी नावावर जाई आणि मग सरळ पानाच्या कडेला. "माणूस मधे एकदाच लिहायचा," त्या म्हणत, "बाकी सगळं कडेला."

बांधलेली वही त्यांनी उघडली. बोट नावावर गेलं, सवयीनं कडेकडे सरकलं, आणि पान संपून टेबलावर पडलं.

"बाईंडर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "लग्नं कुठं गेली?"

मग मला कळलं. ह्या लोकांत माणूस कुठंही लग्न करो, ठाण्यात करो की उत्तनला, तिथलं चर्च त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला चिठ्ठी पाठवतं. चिठ्ठी आली की त्याच्या नावाच्या कडेला ते लग्न चढतं. मी एका दुपारी अख्ख्या धर्मग्रामाला, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या माणसांना, बिनलग्नाचं करून ठेवलं होतं.

कडांचं पोतं मी राहनाळच्या गोदामाला दिलं होतं, काचसामानाच्या पॅकिंगला. टीचर माझ्याबरोबर तिथं आल्या. मुकादम म्हणाला, "वो माल तो कल ही नागपूर निकल गया, मॅडम." टीचर एका खोक्यावर बसल्या. मी म्हटलं, "जाऊ द्या टीचर, जुनी वही. कडा झिजल्या म्हणून सांगू." चर्चचे फादरही बिचारे तेच सुचवत होते.

"वहीत खोटं लिहायचं न्हाय," त्या उठत म्हणाल्या, "आणि वहीबद्दल तर न्हायच. इतकी वर्षं ही वही माझ्या हातात हाय. आर्चबिशपांनी अशी बघितली तर मी त्यांना तोंड कुठलं दाखवू? तू नव्या कडा चिकटव. लग्नं मी आणते."

मी खळ करून एकेका पानाला कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवत बसलो. समोर टीचर. बोट ओळीओळीवरून चाललेलं. "हा कल्याणला. ही उरणला, नवरा बोटीवर. हा दुबईला असतो, पण लगीन ठाण्यात. केक पडला होता ह्याचा." बहुतेक त्यांच्या पहिलीतले. त्यांनी पाटीवर धरलेले हात कुठं कुणाच्या हातात पडले, हे त्यांना एकजात पाठ. एकेका चर्चला पत्र जायचं, तिथल्या लग्नाच्या वहीतून चिठ्ठी पुन्हा मागायला.

"एवढी पत्रं कशाला?" मी अक्कल पाजळली. "हेड ऑफिसला एकच टाका. वरून सर्क्युलर काढतील."

टीचर हसल्या, त्या दिवसांत पहिल्यांदाच. "तुझं गोदाम न्हाय हे. पाच-दहा धर्मग्रामांची एक डीनरी, अशा डीनऱ्यांचा महाधर्मप्रांत. वर आर्चबिशप, हाताखाली बिशप. मुंबईपासून रायगडापर्यंत पसरलाय. वसईपण आमच्यातच होती, आता तिची वेगळी चूल. पण तुझं नाव कुठल्या ओळीत हाय, ते वरच्यांना म्हाईत नसतं. ते म्हाईत असतं फक्त खालच्या ह्या वहीला."

मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर फोटो मागवू. "शिक्का लागतो," टीचर म्हणाल्या. विषय संपला.

खाडीपलीकडच्या एका जुन्या चर्चचं उत्तर येईना, तेव्हा मी त्यांना मोटारसायकलवर बसवून नेलं. तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कनं कपाट उघडलं. एक वही पोर्तुगीज, पुढची लॅटिन, मग इंग्रजी, मग मराठी. टीचरांनी चारही उघडून शेजारी शेजारी ठेवल्या आणि चारही पानांच्या कडेवर बोट फिरवलं. "बघ. राजं बदललं, भाषा बदलली, रकाना तोच." वहीकडे असं बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या बुद्धविहाराच्या वर्गणीच्या वह्या मीच बांधतो, त्यांच्याकडे मी कधी असं बघितलं नव्हतं.

उत्तरं येत गेली. शिक्क्यासकट. ज्यांची लग्नं मी कापली होती, तेही ऑफिसात येऊन मला बघून जात. त्यात फिलूमावशी, चाळीसेक वर्षं संसार केलेली. म्हणाली, "बाईंडर, मला सुटी झाली म्हणतात! नवऱ्याला सांगितलं, आजपासून भाकरी तू कर." टीचरांनी तिला तिथंच उभी करून, तिच्यादेखत तिचं लगीन पुन्हा चढवलं.

भेटीच्या दिवशी मी खांबामागे उभा होतो. आर्चबिशपांनी वही उघडली. पांढऱ्या पट्ट्या, त्यावर ताजी शाई. "हे काय?"

"बाईंडरनं कापलं," टीचर म्हणाल्या. "आणि मी त्याला सांगितलं न्हवतं, ती माझी चूक. सगळ्या धर्मग्रामांनी भरून दिलं. एकानंबी न्हाय म्हटलं न्हाय." मान ताठ. आवाज पहिलीच्या वर्गातला.

आर्चबिशपांनी पानं उलटली, सावकाश, पार शेवटपर्यंत. मग सही केली. "बाईंडर कुठं आहे?"

"खांबामागं उभा हाय तो."

मला पुढं यावं लागलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या हाताला सकाळच्या कामाची खळ होती, ती त्यांच्या हाताला लागली.

परवा टीचर गेल्या. माती देऊन आम्ही ऑफिसात आलो. त्यांचा बाप्तिस्मा ह्याच चर्चमधला, त्याच वहीतला. फादरांनी पान उघडलं. सगळ्या नावांच्या कडेला टीचरांचं अक्षर, आणि त्यांच्या नावाच्या कडेला कोरी पट्टी. लग्न केलं नव्हतं. माझ्या मशीननं जिचं काही नेलं नाही, अशी पानावरची ती एकच ओळ.

फादरांना तिथं मृत्यूची नोंद करायची होती. माझी बाईंडिंग कडक, पान सारखं मिटत होतं. ते म्हणाले, "जरा धरा." मी दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान वळवली, तेवढ्यात मागून फिलूमावशीचा आवाज आला.

"फादर, आधी ती वही ह्याच्या हातातून काढा. आता पुन्हा लिहायला टीचर न्हाय."