सरनाईककाकांनी नेमलेला विरोधक

अन्याय झाला तो आनंदराव सरनाईक आणि बशीर या दोघांवर. या वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पावणेआठला, दुबई मरीनातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर, मॅचच्या मध्यंतरात. नावं, जागा, वेळ आधीच लिहून टाकते, कारण तेव्हापासून जो तो मला सांगतोय की तसं काही विशेष घडलं नाही. घडलं. मी तिथे होते.

पण सरनाईककाका कोण हे माहीत नसेल तर तुम्हाला राग येणार नाही, आणि तुम्हाला राग यावा म्हणूनच मी लिहितेय. तेव्हा आधी माणूस.

काका कोल्हापूरचे. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. वर्कशॉप दुबईतल्या रास अल खोरला, घर करामा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये. तरुणपणी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी उत्तर इंग्लंडमधल्या स्टॅनरिज नावाच्या गावी पाठवलं होतं. घरमालकीणबाईंनी पहिल्याच शनिवारी त्यांना गावच्या फुटबॉल मैदानावर नेलं. टीव्हीवर दिसते त्या लीगच्या पाच पायऱ्या खाली खेळणारा क्लब. एका बाजूला पत्र्याची शेड, बाकी सगळे उभे. दुसरा कुणी थंडीने कुडकुडत परत आला असता. काका कोल्हापुरातल्या पेठेपेठेच्या फुटबॉल मॅचवर वाढलेले. "आपल्यासारखंच की सगळं," ते सांगायचे. "दोन पेठा, मधी एक कालवा, आणि एकमेकाचं तोंड बघायचं नाही."

कालव्यापलीकडचं गाव एलरडेल. त्यांचा क्लब त्याच लीगमध्ये. स्टॅनरिज आणि एलरडेल यांच्यात फरक काय, असं विचारलं तर बाहेरच्या माणसाला काही सांगता येणार नाही. तीच वीट, तोच पाऊस, तेच चहाचं टपरीवजा दुकान. काकांना मात्र सांगता यायचं, आणि ते दोन तास सांगायचे. एलरडेलवाल्यांनी आमचा गोलकीपर पळवला. एलरडेलवाले थ्रो घेताना पुढे सरकतात. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, काका मराठीत बोलले तरी उत्तर इंग्लिशमध्ये द्यायचे. "बट हू आर दीज पीपल, काका?" मी विचारलं. काका म्हणाले, "शत्रू. आणि मराठीत विचार."

दुबईत आल्यावर काकांची खरी पंचाईत झाली. मॅच दिसायची. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनची मॅच टीव्हीवर दाखवत नाहीत, पण परदेशात इंटरनेटवर लावता येते. म्हणजे स्टॅनरिजमधल्या आजारी म्हाताऱ्याला जी दिसत नाही, ती काकांना करामात संध्याकाळी सातला दिसायची. पंचाईत वेगळीच होती. एकदा स्टॅनरिजने एलरडेलला तीन गोल घातले आणि दुसऱ्या दिवशी काकांना वर्कशॉपमध्ये कुणाला डिवचायला मिळेना. सगळे म्हणाले, अच्छा, काँग्रॅच्युलेशन्स. काका त्या दिवशी चिडून घरी आले. विजयाकाकूंना म्हणाले, "अभिनंदन कशाला पाहिजे मला? जळणारं माणूस पाहिजे."

मग त्यांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी विरोधक नेमला.

बशीर त्यांच्या हाताखालचा मेकॅनिक, कोळिकोडचा. फुटबॉल त्याला आवडायचा, पण ठरावीक असा संघ नव्हता. जेवणाच्या सुट्टीत काका त्याच्यासमोर जाऊन बसले. हा संवाद काकांनी मला इतक्यांदा करून दाखवलाय की मला तो पाठ आहे.

"बशीर, आजसे तुम एलरडेल."

"वो क्या है, साब?"

"हमारे दुश्मन."

"मैंने क्या किया, साब?"

"अभी कुछ नहीं किया. सिखाऊंगा."

आणि शिकवलं. स्टॅनरिजला चिडवायचं कसं, आमच्या मैदानाला एलरडेलवाले गोठा म्हणतात, आमच्या मॅनेजरच्या टकलावर काय गाणं आहे, सगळं स्वतःच शिकवलं. पुढच्या सुट्टीत इंग्लंडला गेले तेव्हा शत्रूच्या दुकानात शिरून बशीरसाठी लाल-तपकिरी जर्सी आणली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, तुम्ही एलरडेलचे का? काका म्हणाले, "मी मेलो तरी नाही, पण माझा माणूस आहे."

बशीर सुरुवातीला साहेबांची मर्जी म्हणून करत होता. मग एका शनिवारी एलरडेल शेवटच्या मिनिटाला जिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका वर्कशॉपला पोचले तर टेबलावर हलव्याचा डबा. बशीर समोर स्पॅनर पुसत उभा. काकांनी एक तुकडा कसाबसा खाल्ला, आणि संध्याकाळी घरी येऊन ते काकूंना आनंदाने म्हणाले, "बशीर पेटला गं."

तेव्हापासून दोघांच्या मॅचचा दिवस म्हणजे काकांच्या हॉलमध्ये जत्रा. त्यात एक विधी असायचा, तो नीट समजून घ्या, कारण पुढे भांडण त्या विधीच्या वेळीच झालं. तिकडच्या छोट्या मैदानांवर लोक आपला संघ ज्या गोलकडे हल्ला करतो त्याच्या मागे उभे राहतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून लोकही बदलतात. दोन्ही गावांची माणसं चहाचे कप घेऊन मैदानाला वळसा घालतात आणि वाटेत समोरासमोर येतात. एकेक टोमणा मारायचा, हसायचं, पुढे जायचं. काकांनी हे करामात आणलं. पूर्वार्धात काका सोफ्यावर, बशीर खिडकीजवळच्या खुर्चीत. मध्यंतराला दोघे आपापली ताटली घेऊन उठायचे, टीपॉयपाशी एकमेकांना ओलांडायचे, टोमणा मारायचे आणि जागा बदलायचे. उत्तर शेवटची शिट्टी वाजेपर्यंत द्यायचं नाही, हा नियम.

"अहो, टीव्हीला कसली बाजू?" काकू म्हणायच्या.

"टीव्हीला नसती. आपल्याला असती."

"साब, आपका गोलकीपर अच्छा आदमी है," बशीर ओलांडताना गंभीरपणे म्हणायचा. "किसीको ना नहीं बोलता." आणि काकांना पंचेचाळीस मिनिटं गप्प बसावं लागायचं. ती त्यांना कठीण जायची.

मी पुढे इंग्लंडला शिकायला गेले, युनिव्हर्सिटी स्टॅनरिजपासून तासाभरावर. काकांनी आधीच बजावलं होतं, "पोरी, एकदा तरी जा. नाहीतर मी तुझ्या बापाला सांगीन अभ्यास करत नाहीस." मी गेले आणि त्या क्लबमध्ये अडकले. तेव्हा क्लबच्या मालकाला मैदान विकायचं होतं. मी त्या लढ्यात पत्रकं लिहायला शिकले. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं, मधे फापटपसारा नको. मैदान वाचलं. सांगण्यासारखी गोष्ट ही की आमच्या सहीमोहिमेसाठी एलरडेलची माणसं कालवा ओलांडून आली होती. मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "येणारच. आपण नसलो तर ते कुणाला हरवणार?"

मी दुबईला परत आले तोवर काकांचा हॉल पुरेनासा झाला होता. बाबांच्या ऑफिसातली मुलं, पुण्या-मुंबईहून नव्याने आलेले आयटीवाले, काही इंग्रज शिक्षक. काकांनी एकेकाला बसवून, खायला घालून, स्टॅनरिजचं केलं. मग मरीनातलं रेस्टॉरंट ठरलं. मग क्लबला नवे मालक मिळाले आणि त्यांनी आमच्या घोळक्याला अधिकृत शाखेचा दर्जा दिला. शाखा म्हटल्यावर समिती आली, आणि समितीबरोबर निखिल आला.

निखिल अबूधाबीला अल रीम आयलंडवर राहतो, मार्केटिंगमध्ये आहे, दर शनिवारी दीड तास गाडी चालवत येतो. तो वाईट माणूस नाही. स्टॅनरिजवर त्याचं प्रेम आहे, हेही मान्य. पण या हंगामात तिकडे एका मॅचला धक्काबुक्की झाली आणि क्लबने दोन्ही गावांच्या प्रेक्षकांमध्ये कुंपण घातलं, बाजू बदलणं बंद केलं. निखिलने ते कुंपण उचलून दुबईत आणलं. समितीने नियम केला, शाखेच्या कार्यक्रमाला फक्त स्टॅनरिजचे रंग घालून यायचं. मरीनातल्या ज्या हॉलमध्ये धक्काबुक्की सोडा, ग्लासही कधी फुटला नाही, तिथे.

काकांनी नियम वाचला आणि हसले. "हे आपल्याला नाय," म्हणाले. "आपण घरचे."

जानेवारीतल्या त्या शनिवारी स्टॅनरिज-एलरडेल मॅच होती आणि बशीर नेहमीसारखा आला. जर्सी धुऊन धुऊन गुलाबी पडलेली. दारावरच्या मुलाने ओळखून आत सोडलं. पूर्वार्धात गोल नाही. शिट्टी वाजली तसे काका पुढच्या रांगेतून उठले, बशीर मागच्या कोपऱ्यातून, आणि दोघे हॉलच्या मधोमध आले. तिथे निखिलने बशीरचं कोपर धरलं.

"सर, प्लीज. यू हॅव टु लीव्ह. आज सिर्फ होम सपोर्टर्स."

बशीर मोठ्याने हसला. त्याला वाटलं, हा आजचा टोमणा आहे. काकांनी या पोराला पढवून ठेवलंय. त्याने निखिलच्या पाठीवर थाप मारली, "अच्छा था, हबीबी," आणि पुढे जाऊ लागला. निखिलने कोपर सोडलं नाही. बशीरने काकांकडे पाहिलं. काका हसत नव्हते. मग बशीरचंही हसणं थांबलं. ते थांबताना मी पाहिलंय, आणि म्हणून मला कुणी सांगू नये की विशेष काही घडलं नाही.

"हात काढ," काका म्हणाले.

"काका, पर्सनल काही नाही. क्लबच्या पेजवर फोटो जातात. मिक्स्ड क्राउड बरं दिसत नाही. आणि फ्रँकली, हे काही एलरडेलचे खरे सपोर्टर नाहीत. तुम्हीच त्यांना बनवलंय."

"बरोबर," काका म्हणाले. "मीच बनवलाय. आणि तू रे? तू कुठला? पुण्याचा ना? तुला स्टॅनरिज कुणी दाखवलं?"

निखिलने समितीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं.

"कधी बघितलायस ते गाव? नाय. ह्यानंबी नाय. तू खरा कसा आणि हा खोटा कसा, ते मला सांग."

साठेक माणसं होती, निम्मी मराठी, बहुतेकांनी काकांच्या घरचा तांबडा रस्सा खाल्लेला. सगळे मोबाइल बघत होते. मी ओरडले, ते जाऊ द्या, मी नेहमीच ओरडते. काका बशीरला म्हणाले, "यल्ला, बशीर. चलो."

मी त्यांच्या मागे खाली गेले. मरीनाच्या कडेला बाकावर बसून दोघांनी उत्तरार्ध बशीरच्या फोनवर पाहिला. हवा छान होती, लोक कुत्री फिरवत होते, बोटींवर गाणी लागलेली. फोनवर चित्र उशिरा पोचतं. अचानक वरून हॉलमधून आरोळी ऐकू आली.

"साब, लगता है आपका गोल हो गया," बशीर म्हणाला.

"वर बघू नको," काका म्हणाले. "आपल्या फोनवर येऊ दे."

आला. स्टॅनरिज एक-शून्यने जिंकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांनी जिंकल्यावर बशीरला डिवचलं नाही, आणि त्या गोष्टीचा बशीरला जास्त त्रास झाला. "कुछ तो बोलो, साब," तो म्हणत राहिला. घरी पोचायच्या आत काकांना शाखेच्या ग्रुपमधून काढलेलं होतं. शाखा त्यांनीच उभी केली होती.

मार्चअखेर काका निवृत्त झाले आणि कोल्हापूरला परत गेले. नोकरी संपली की व्हिसा संपला, खलास. एअरपोर्टवर बशीर आला होता. दोघे काय बोलावं ते न कळून लिफ्टबद्दल बोलले, टर्मिनलमधली एक लिफ्ट थांबताना झटका देते याबद्दल. आत जाताना काकांनी मला बाजूला घेतलं. "माझं सोड. मी चाललोच हाय. पण ह्याला एकट्याला बघायला लावू नका. एकट्यानं मॅच बघितली की माणूस नुसता निकाल बघायला लागतो, मग तेबी सोडतो." मी म्हटलं, पत्रक काढते. "पत्रक नको गं, बदनामी होती पोराची." म्हणजे निखिलची. मला हे पटलेलं नाही, म्हणून हे छापतेय.

परवा मी रास अल खोरला गेले. बशीर म्हणाला, "मैं तो साब के लिए देखता था, मॅडम. अब छोड़ दिया." मी विचारलं, एलरडेलने शेवटची मॅच काय केली? त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, दोन-दोन, आणि पेनल्टी चुकीची होती. मग जेवणाचा डबा उघडला आणि माझ्याकडे बघेना. नंतर काकांशी फोनवर बोलले. त्यांनी पेठेच्या मॅचचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "मॅच बघायला जागा झाली का त्याची?"

नाही झाली, काका. होईल की नाही ते मला माहीत नाही. ते मी ठरवू शकत नाही.

ते तुम्ही ठरवू शकता. तुम्ही, म्हणजे त्या संध्याकाळी मोबाइलमध्ये बघत बसलेले तुम्ही. शाखेची वार्षिक सभा जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला, त्याच हॉलमध्ये आहे. रंगांचा नियम रद्द करण्याचा ठराव मी मांडणार आहे. मला तुमची सहानुभूती नको, स्टिकर नको, "वेल सेड" नको. सभेला या आणि हात वर करा. हात वर करणार नसाल तर त्याआधी रास अल खोरला जा, बशीरसमोर उभे राहा, आणि तो खोटा आहे हे त्याच्या तोंडावर सांगून या.