सगळे दिवे लागलेली आक्काची गाडी

एक तक्रार घेऊन कुणी आलं, तर आक्का मांडी घालून ऐकायची. दहा घेऊन आलं, तर हात वर करून आधी विचारायची, "जेवलीस काय?" सासू, नवरा, नळाचं पाणी, पोराची शाळा, शेजारणीची नजर असं सगळं एका दमात ओकणारी बाई बहुतेक वेळा सकाळपासून उपाशी निघायची. आक्का तिच्यापुढं भाकरी आणि पिठलं सरकवायची. पोट भरलं की दहातली एखाद-दुसरीच तक्रार शिल्लक राहायची. "ही खरी," आक्का म्हणायची. "आता हिचं बोल."

ती माझी नात्यानं कुणी नव्हती. निपाणीत आमच्या समोरच्या घरात राहायची. माझी आई आणि ती एकाच कारखान्याच्या विड्या घरी बसून वळायच्या. गल्लीतली लहानथोर सगळी तिला आक्काच म्हणत. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी सासरी गेली, आणि विडीकामाचा फंड हातात आला तेव्हा लोकांना वाटलं, आक्का आता पाटल्या करणार. तिनं जुनी पांढरी मोटार घेतली. आधी गाडी घेतली, मग चालवायला शिकली. "उलटं केलं असतं तर शिकूनशान घरातच बसले असते," हे तिचं त्यावरचं उत्तर.

परवाना काढला, पिवळी पाटी लावली आणि आक्का भाडं मारायला लागली. उंची बेताची, म्हणून सीटवर उशी. पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. विडीवाल्या बायकांना कोगनोळीच्या पलीकडं कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायचं, पोरींना परीक्षेला बेळगावला सोडायचं. मी बी.कॉम.ला प्रवेश घ्यायला गेले ती तिच्याच गाडीतून. आमच्या घराण्यातलं कॉलेजात पडलेलं ते पहिलं पाऊल. ते मी लाजत-बुजत टाकलं नाही, चांगलं जोरात टाकलं, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

आक्काला कुणाच्या ओरडण्याची भीती वाटत नसे, याचं मूळ विडीत होतं. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की चेकर तपासतो. त्यानं खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांना आमच्याकडं छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. एकदा चेकरनं आक्काचं विड्यांचं अख्खं सूपच्या सूप छाटलं. बाकीच्या बायका रडवेल्या झाल्या, कारण त्यांचंही तेच होत होतं. आक्कानं विड्या उचलल्या नाहीत. समोरच्या टपरीवरून चहा आणि बनपाव आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "खावा आदी. समद्या बायकांचं हात एका दिवशी बिगडत न्हाईत. तुमचं पोट बिगडलंय." तो चिडला, पण खाल्लं. मग त्याच विड्या पुन्हा बघितल्या आणि मूठभरच बाजूला काढल्या. त्या मात्र आक्कानं मुकाट्यानं मान्य केल्या. खरंच सैल वळलेल्या होत्या.

आक्काच्या गाडीचा सगळ्यात जास्त त्रास तिच्या धाकट्या दिराला व्हायचा. आप्पा म्हणायचे त्यांना. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. "वैनी, आमच्या घरातल्या बाईनं परक्याला गाडीत बसवून हिंडायचं? तोंड दावायला जागा ऱ्हायली न्हाई." आक्का म्हणायची, "मग मागच्या सीटवर बसा भावजी. काळी काच बसवून देते."

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. थंडी कडक पडली होती. सकाळी आक्कानं किल्ली फिरवली. गाडी कण्हली, कुंथली आणि कशीबशी सुरू झाली. पण स्टिअरिंगपुढच्या पाटीवर दिव्यांची जत्रा भरली. ब्रेकचा दिवा, एअरबॅगचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, इंजिनाचा दिवा. स्टिअरिंग तर इतकं जड, की जात्याचा खुंटा फिरवावा तसं दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. गॅरेजवाल्यानं यंत्र जोडलं, तर बिघाडांची ही लांबलचक माळ निघाली. तो म्हणाला, "गाडीचा मेंदूच गेलाय आक्का. खर्चात पडू नका. इकून टाका."

आप्पांना एवढंच पाहिजे होतं. दुपारीच त्यांनी संकेश्वरच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. उद्या सकाळी येतो म्हणाला. गाडी गेली की वैनी पुन्हा विड्या वळायला बसणार, हे आप्पा तोंडानं बोलले नाहीत. पण आक्काचं विड्या वळायचं जुनं सूप त्यांनी माळ्यावरून काढलं, फडक्यानं पुसलं आणि सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलं.

आक्का त्या सुपाकडं बघत उभी राहिली. तिचा चेहरा पडलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला. मग ती गाडीत जाऊन बसली आणि मला हाक मारली.

"ब्रेक गेलं, फुगा गेला, स्टेरिंग गेलं, इंजान गेलं. काल सांजपातूर समदी धड व्हती, आन् आज एकदम समद्यास्नी मरण आलं? व्हय गं?"

"आक्का, यंत्रानं दाखवलंय की."

"यंत्रबी चेकरच. दावतंय ते खरंच आसंल, पर का दावतंय ते त्येला कुठं ठावं? ही गाडी उपाशी हाय बघ. तुझं विंग्रजी भाईर काढ."

गाडीच्या खणात इंग्रजी माहितीपुस्तक होतं, आजवर कुणी न उघडलेलं. मी गाडीत बसून वाचत गेले आणि तिला मराठीत सांगत गेले. सापडलं. बॅटरी कमजोर झाली असेल, तर गाडी सुरू होताना वीज एकदम खाली येते. ब्रेकची, एअरबॅगची, स्टिअरिंगची यंत्रणा पुरेशा विजेअभावी गोंधळते आणि काही बिघाड नसताना दिवे लावते. आधी बॅटरी तपासा, असं लिहिलं होतं. मी हेही वाचून दाखवलं, की म्हणून दिव्यांकडं दुर्लक्ष करू नये.

"कोन दुर्लक्ष करतंय? आदी जेवाण घालू, मग इचारू," आक्का म्हणाली.

बॅटरीवाला आमच्या गल्लीपासून जवळच. गाडी तशी हलवायची नाही म्हणून आम्ही त्यालाच बोलावून आणलं. त्यानं बॉनेट उघडलं, पांढरी बुरशी चढलेली टोकं पुसली, मीटर लावला आणि आक्काला किल्ली मारायला सांगितली. काटा धाडकन खाली. "संपलीया ही. थंडीनं उघडी पाडली." नवी बॅटरी बसली. किल्ली फिरवताच गाडी पहिल्या हाकेला उठली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईतो एकेक दिवा विझला. एअरबॅगचा तेवढा राहिला. आक्कानं सीटखाली हात घातला. तिथं तिनं स्वतःच कोंबलेल्या चपलांच्या पिशवीनं एक वायर सैल झाली होती. "ही खरी," म्हणाली, आणि गॅरेजवाल्याकडून ती नीट बसवून घेतली.

आई म्हणाली, "तुझं कालेज आज गल्लीच्या उपेगाला आलं." मला ते अजिबात पटलं नाही. गल्लीतले सगळे अर्ज आधीपासून मीच भरत होते.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. भंगार बघायला आलेला माणूस, समोर धडधाकट गाडी! त्यानं आप्पांना बाजूला घेऊन भाव वाढवला. आप्पा खुलले. आक्का मधे येऊन उभी राहिली आणि त्याला कन्नडात मोठ्या आदरानं म्हणाली, "माराटक्किल्लरी." विकायची नाही. व्यापारी आप्पांकडं बघायला लागला, तशी ती म्हणाली, "तिकडं काय बघतासा? किल्ली हिकडं हाय." तो गेल्यावर तिनं भिंतीचं सूप उचलून आप्पांच्या हातात दिलं. "भावजी, पुसून ठेवलंय जणू कुणी. रिकामं हाईसा न्हवं? वळा."

पण आक्काला आडमुठी म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पुढं एकदा तवंदी घाटात चढताना एकच दिवा लागला, तेलाचा, लाल. मागं बसलेले पाहुणे लग्नाला निघालेले, मुहूर्त तोंडावर. आक्कानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पाहुणे खवळले, दुप्पट भाडं देतो म्हणाले. "एकला बोलाय लागला की ऐकावं लागतंय," एवढंच बोलून ती खाली उतरली आणि जाणाऱ्या जीपला हात करून त्यांना बसवून दिलं. खाली खरंच तेल गळत होतं.

मी बेळगावला नोकरीला लागले. तिथं वरचे साहेब कधी एका दमात पंधरा चुका काढायला लागले की मी आवाज चढवत नाही, मानही खाली घालत नाही. "यातली सगळ्यात मोठी कुठली, तेवढी सांगा," म्हणते. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आक्का अचानक माझ्या ऑफिसच्या दारात. हातात फक्त पिशवी आणि ती सीटवरची उशी. "डोळं पैल्यागत ऱ्हायलं न्हाईत. समोरच्या गाडीचा उजेड फुटतोय. मला कुणी सांगितलं न्हाई, माझं मलाच कळलं." गाडी तिनं बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या एका बाईला विकली होती, ती बाई डबे पोचवायचं काम करते. "तिला चालवून दावाय लावलं आदी. हात चांगला हाय."

शनिवार होता. मीही तिच्याबरोबर निपाणीच्या बसमध्ये चढले. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली आणि वाटभर त्याच्या गिअरकडं नाराजीनं बघत राहिली. घरी पोचलो तर आप्पा उंबऱ्यावर.

"वैनी, गाडी कुठाय?"

"इकली."

इतकी वर्षं ज्यांना गाडी विकायची होती, तेच आप्पा ताडकन उठले. "इकली? कुणाला इचारून?"

आक्कानं चपला काढल्या, पाय धुतले, उशी काखेत मारली.

"जिची व्हती, तिला," म्हणाली आणि आत गेली.