हुआना राणी आणि ठाकुर्लीची जया

आई गेली त्यानंतर महिनाभर जयाला झोप नव्हती. एक दिवस ती ठाकुर्लीच्या घरातून अनवाणीच निघाली आणि संध्याकाळी शीळफाट्याला सापडली. उपचार झाले. सहा महिन्यांत डॉक्टरांनी ती पूर्ण बरी झाल्याचं सांगितलंही. पण थोरल्या भावाच्या, सुधीरच्या मनातली धास्ती काही गेली नाही. या गोष्टीला चार वर्षं झाली, तरी जयाला भाजी आणायलाही कोणी एकटं सोडत नसे. शाळेतली इतिहास शिकवायची नोकरी तर केव्हाच सुटली होती.

डोंबिवलीचं वाचनालय ही तिची एकच मोकळीक. तिथेही सुधीर सोडायला आणि न्यायला यायचा. सोळाव्या शतकातल्या युरोपच्या राजघराण्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकात तिला स्पेनची राणी हुआना भेटली. नवरा गेल्यावर शोकात बुडालेल्या हुआनाला वेडी ठरवून बापाने एका गावात कोंडलं आणि स्वतः राज्य केलं. पुढे पोटच्या मुलानेही तेच केलं. सेहेचाळीस वर्षं! जयाने ती पानं तीनदा वाचली.

ग्रंथपाल रुपालीने तिला वाचकांच्या बैठकीत हुआनावर बोलायला उभं केलं. आधी ती अडखळली, मग सलग बोलत गेली. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "पण बाई, ती खरंच वेडी होती का?"

"आजारी असेलही. मीही होते," जया म्हणाली. "मला औषध मिळालं, मी बरी झाले. तिला मात्र घरच्यांनी मरेपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही."

मागच्या रांगेत सुधीर मान खाली घालून बसला होता.

बैठक संपल्यावर रुपाली म्हणाली, "जयाताई, दर शनिवारी मुलांना इतिहासाच्या गोष्टी सांगाल?"

"तिला नाही झेपायचं हो," सुधीर सवयीने बोलून गेला.

"दादा, त्यांनी मला विचारलंय." जयाने आवाज चढवला नाही. "सांगेन मी. आणि रिक्षाने माझी मी येईन."

जिना उतरल्यावर सुधीर म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

शनिवारी तिने फोन केला. सतरंजीवर नऊ मुलं बसली होती. हुआनाची हकिकत ऐकून सान्वी नावाची मुलगी कळवळली. "राणीजवळ कोणीच नव्हतं?"

"होती ना, धाकटी लेक. कातालिना."

"मग ती पण कायम आतच?"

"नाही गं. मोठी झाल्यावर बाहेर पडली, पोर्तुगालची राणी झाली." जयाने नकाशा उलगडला. "या इकडे, कुठे गेली ते दाखवते."