फुकट न्हवं, मोकळं!

ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे असा माणूस आमच्या साडूंना दिसला, की त्या माणसाचं पुढं आठवडाभर काही खरं नसतं. हे नोकरीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. पण खरा उद्योग म्हणजे लोकांचं चांगलं चाललेलं विकतचं सॉफ्टवेअर पुसून तिथं आपलं मुक्त सॉफ्टवेअर बसवणं. घरात आले की पाण्याचा तांब्या घ्यायच्या आधी विचारणार, "मशीन कुटं हाय?" माझ्या पुतणीच्या लग्नात यांनी आहेराच्या पाकिटात पेनड्राइव्ह घातला. "फुकटचं दिसतंय," म्हणून नवरदेव हसला, तर मांडवातच शिकवणी सुरू. "फुकट न्हवं जावईबापू, मोकळं! उघडून बघा, बदला, चार जणांना वाटा!" पंगत उठली तरी जावई काही सुटला नाही. वर यांचा ठरलेला दाखला, "वाटीभर शेंगाचटणी दिली तर ती संपती. कृती दिली तर जो तो आपल्या जिभेपरमानं तिखट घालंल की!" हे ऐकत शेजारी त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, शांत बसलेली असते. तिनं आपल्या चटणीची कृती सख्ख्या बहिणीलासुद्धा आजवर सांगितलेली नाही.

माझं मशीन यांनी असंच मोकळं केलं, तेव्हापासून प्रिंटर जो रुसला तो रुसलाच. एक कागद छापायला मी भर उन्हात सात रस्त्याच्या चौकात झेरॉक्सवाल्याकडं जातो. तक्रार केली तर म्हणतात, "शिका की जरा!" अहो, पन्नाशीत काय शिकू, कपाळ?

माझे वडील, अप्पा, श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे, बातमीगणिक शिवी नाहीतर शाबासकी देत. काचबिंदूनं दृष्टी गेली आणि अप्पा बोलायचेच थांबले. मी वाचायला बसलो की "ऱ्हाऊ दे" म्हणून भिंतीकडं तोंड करायचे. माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

साडूंनी पेपर वाचणारं सॉफ्टवेअर आणलं. ते म्हणालं, "आज पाणीपुरवठा होणार नाही." अप्पा म्हणाले, "शाळामास्तर हाय का ह्यो? बंद कर." बरी जिरली, असं मला वाटलं. पण हे गृहस्थ हटतात कुठले! दर रविवारी हजर. अप्पांना चिडवून बोलतं करायचं आणि त्यांची बोली त्या सॉफ्टवेअरला शिकवायची. चहा करून करून माझी बायको वैतागली. अखेर एका सकाळी मशीन बोललं, "आज पानी येनार न्हाय की!" अप्पा खाटेवर ताडकन उठून बसले. "काल बी न्हाईच म्हनलास की रं मुडद्या!" पुन्हा ओटा, पुन्हा पेपर, पुन्हा शिव्या; अगदी शेवटपर्यंत.

गेल्या वर्षी अप्पा गेले. नंतर ते वाचन मी कधी लावलं नाही.

परवा साडूंनी मला ओढून केम गावाला नेलं. का, तर "वायर धराया कुनीतरी पायजे की!" तिथं त्यांच्या ओळखीच्या घरात एक अंध आजी मशीनपुढं बसल्या होत्या आणि मशीन सांगत होतं, "आज कांद्याचा बाजार बंद हाय की!" माझ्या हातातली वायर खाली पडली. साडूंनी अप्पांची बोली कधीच सगळ्यांसाठी खुली करून टाकली होती. मला पत्ता नाही!

"लई ग्वाड बोलतंय," आजी म्हणाल्या. "कुनाच्या घरचं हाय हो हे बोलनं?"

मी साडूंकडं पाहिलं. ते खाली वाकून पडलेली वायर गुंडाळत होते.

"आमच्या अप्पांचं," मी म्हणालो.

परतताना त्यांनी हळूच विचारलं, "पाव्हणं, प्रिंटरचं बघू का आज?"

"राहू द्या तो," मी म्हटलं. "घरी गेल्यावर आधी पेपर लावा."