सात मात्रांची वरात

नसरापूरच्या फाट्यावर बंगळूरची ट्रॅव्हल्स येऊन उभी राहिली, तरी अब्बांचा पत्ता नव्हता. अम्मीने क्लीनरला विनवून गाडी थांबवून धरली. विंझरचं लग्न उरकून अब्बा टेम्पोतून तसेच आले, अंगावर सोनेरी झालरीचा लाल कोट, पाठ घामाने भिजलेली. खिडकीतली माणसं त्या कोटाकडे बघून हसत होती. मला ते रुबाबदार दिसले. माझी बॅग डिकीत ठेवून ते एवढंच म्हणाले, "तिकडं करमलं न्हाई तर परत ये. पन करमायला जरा येळ दे."

मी आमच्या घरातली पहिली इंजिनिअर, नोकरीसाठी बंगळूरला निघालेली. अब्बांची भोरला बेंजो पार्टी होती. हातगाडीवर जनरेटर आणि कर्णे, मागे ढोल-ताशे आणि पुढे अब्बा, एका हाताने बेंजोची बटणं दाबत, दुसऱ्याने तारा छेडत. मला त्यांनीच घरी वाजवायला शिकवलं. वरातीत मुलीने वाजवू नये असं कुणी म्हणालं नव्हतं. मुलगी वाजवेल हा विचारच कधी कुणाच्या मनात आला नव्हता.

बंगळूरला माझ्या खोलीत रिनी नावाची मिझोरमची मुलगी होती. ती आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची आणि रविवारी प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायची. तिने पहिली कॅसेट लावली तेव्हा मी वैतागले. एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत चाललेलं, मध्येच चाल बदलायची, मध्येच ताल. पण एका ठिकाणी माझी बोटं आपोआप मांडीवर पडू लागली. मोजून पाहिलं तर सात मात्रा. आमचे ढोलवाले रशीदचाचा रिकाम्या वेळी असल्या मात्रांशी खेळत बसायचे. त्या दुपारी बंगळूर पहिल्यांदा मला ओळखीचं वाटलं.

मग मी रिनीच्या कॅसेटींमधल्या गिटारवाल्यांच्या नादीच लागले. एक जण म्हणे स्टेजवरसुद्धा खुर्चीत बसून वाजवतो, चष्मा लावून, परीक्षेला बसल्यासारखा, आणि त्याच्या हातून जे निघतं त्याने अंगावर काटा येतो. दुसरा चार सुरांत सगळं सांगून गप्प बसतो. तिसऱ्याच्या वाजवण्यात चर्चची प्रार्थना आणि जत्रेतला दंगा एकत्र नांदतात. मला सगळ्यात जवळचा दुसरा. मी गिटार घेतली आणि ऑफिस सुटल्यावर त्याचे ते चार सूर महिनोन्‌महिने घोटले. सूर सापडले लवकर, त्यांच्यामधलं थांबणं जमायला फार वेळ लागला.

एक कॅसेट मी अब्बांना पाठवली. पुढच्या फोनवर ते म्हणाले, डोकं दुखलं. त्यानंतरच्या फोनवर म्हणाले, अजून एक धाड.

दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात सुट्टीवर गेले, तर अब्बांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. ऐन लग्नसराई, आणि भाटघरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरची सुपारी घेतलेली. दुसरा बेंजोवाला कुठे मिळत नव्हता. जेवताना अम्मी सहज म्हणाली, "ही वाजवती की." अब्बा ताटावरून उठले. मग त्यांनी तो लाल कोट आणून माझ्यासमोर ठेवला.

मंडपापाशी नवऱ्या मुलाचे चुलते आडवे आले. वरातीत पोरगी वाजवणार म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. अब्बांनी आवाज चढवला नाही. "वाजवनारी माजी लेक हाय," ते म्हणाले. "आदी ऐका, मंग बोला."

तासभर मी लग्नातली नेहमीची गाणी बेंजोवर वाजवली. पोरं मनसोक्त नाचली. मारुतीच्या देवळापुढे वरात थांबली तेव्हा मी बंगळूरहून आणलेली गिटार हातगाडीवरून काढली आणि कर्ण्याला जोडली. रशीदचाचांना म्हटलं, सात. त्यांनी भुवया उंचावल्या आणि ढोल सुरू केला. नाचणाऱ्यांची पावलं चुकू लागली. कुणी हसलं, कुणी ओरडून विचारलं हे काय लावलंय. मी थांबले नाही. हळूहळू पोरांनी पाय आवरते घेतले, मग एकाला नेमकी जागा सापडली, त्याचं बघून दुसऱ्याला. थोड्या वेळाने अख्खी वरात सातात नाचत होती. शेवटी ढोल थांबवून मी ते चार सूर वाजवले, मधल्या शांततेसकट. अब्बा प्लास्टरचा हात छातीशी धरून ताठ उभे होते.

चुलते जवळ आले. "फुडच्या साली धाकट्याचं हाय," ते म्हणाले. "येशील का?"

गेले. त्याच्या पुढच्या साली आणखी दोन लग्नांना गेले.

आता बंगळूरला माझं घर आहे, आमचा चौघांचा बँड आहे. कन्नड बोलते, रविवारी रिनीकडे जेवते. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना माहीत आहे, की 'कुठली तू' या प्रश्नावर जीभ क्षणभर अडते. माझीही अडायची. मग एका ईदला घरी गेले, तर दारात हातगाडी नव्याने रंगवलेली. पाटीवर अब्बांच्या नावाखाली माझं नाव, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: भोर व बंगळूर. मला त्यांनी विचारलंही नव्हतं. शेजारच्यांनी चौकशी केली, एवढ्या लांब सुपाऱ्या घेता का? अब्बा रंगाचा डबा बंद करत म्हणाले, "आमची शाखा हाय तिकडं."

तेव्हापासून कुणी विचारलं की मी दोन्ही गावं सांगते, त्या पाटीवर आहेत त्याच क्रमाने.