भाजणीच्या जाहिरातीतले मोकळे केस

पनवेलमध्ये राहून पॅरिसच्या भिंतींची काळजी वाहणारा एकच माणूस होता, तो म्हणजे चित्रकलेचे शिक्षक विनायक टिपणीस. त्याही आजच्या भिंती नव्हेत, शंभर वर्षांपूर्वीच्या. तरुणपणी फोर्टच्या फुटपाथवरून आणलेलं, शेरे, लोत्रेक, मुखा या पॅरिसमधल्या चित्रकारांच्या जुन्या भिंतीवरच्या जाहिरातींचं एक जाडजूड पुस्तक सरांकडे होतं, आणि त्या पुस्तकावर त्यांचा संसार चालला होता. म्हणजे पगार शाळा देत होती, स्वयंपाक रमाबाई करत होत्या; उरलेला संसार पुस्तकावर.

एस.टी. स्टँडसमोरच्या भिंतीवर कुणी तंबाखूची नाहीतर क्लासची जाहिरात रंगवली, की सर भर रस्त्यात सायकल थांबवून कपाळाला हात लावत. न्हावा शेवा बंदराचे ट्रक कानाशी भोंगे वाजवत जात, सरांना फिकीर नसे. घरी आले की चहाबरोबर तुलना सुरू.

"शेरेच्या बायका बघ, रमा. पिवळा, लाल, नुसत्या हवेत उडतात. पाय म्हणून जमिनीला नाही! लोत्रेकचं उलट. सपाट काळा रंग, जाड रेघ, माणूस कडेला अर्धा कापलेला, तरी नजर हलत नाही. आणि मुखा! एकच बाई, डोक्यामागे चक्र, आणि केस? वेलीसारखे कागदभर!"

रमाबाई "हो का" म्हणत आणि वाल सोलत. इतकी वर्षं ऐकून त्यांना ही मंडळी सासरच्या नात्यातली वाटायला लागली होती. घरी कधी येत नाहीत, विषय मात्र रोज त्यांचाच. स्वतः सरांनी जाहिरात सोडाच, दारावरची नावाची पाटीही रंगवली नव्हती. ती कोणत्या शैलीत रंगवावी, हे अजून ठरायचं होतं.

एक्याण्णवच्या दिवाळीआधी रमाबाईंनी चकलीची भाजणी विकायचं मनावर घेतलं. बाजारातले किराणावाले काशिरामशेठ म्हणाले होते, "महिला मंडळाच्या प्रदर्शनात खपली तर दुकानात ठेवतो, वहिनी. नाही खपली तर पुन्हा विचारू नका." जगात आपल्या नावाची एक तरी गोष्ट असावी, असं रमाबाईंना फार वाटत होतं, आणि आता ते सगळं त्या भाजणीवर येऊन थांबलं होतं. त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "अहो, 'रमाची भाजणी' असं मोठ्या अक्षरांत लिहून द्या."

इतकं सोपं काम सरांना झेपणार कसं? नवरात्र विचारात गेलं. शेरेसारखी उडती बाई काढली तर भाजणी सांडणार. लोत्रेकच्या काळ्या रंगात ती करपलेली दिसणार. शेवटी मुखावर शिक्कामोर्तब झालं. कोजागिरीला चित्र तयार होतं. पुरुषभर उंचीचा कागद, डोक्यामागे सोनेरी चक्र असलेली बाई, तिच्या हातात परात, आणि केस असे सुटलेले की परातीला दोन वेढे घालून थेट पायांपर्यंत. 'रमाची भाजणी' ही अक्षरं त्या केसांतच कुठेतरी होती. चिकाटीने शोधली की सापडत.

रमाबाईंनी केसांत आपलं नाव शोधून काढलं. नवऱ्याने बोलायचं सोडून पहिल्यांदाच काहीतरी केलं होतं, म्हणून त्यांनी जीभ आवरली.

मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात चित्र स्टॉलमागे झळकलं. बायका येत, वर बघत, थबकत आणि शेजारच्या लोणच्यांकडे वळत. "कलेपुढे माणसाला शब्द सुचत नाहीत," असं सर खुर्चीत बसून म्हणाले. दुपार टळली तरी एक पिशवी हलली नव्हती. काशिरामशेठ एक चक्कर मारून, भरलेल्या डब्यांवर नजर टाकून गेले, तेव्हा रमाबाईंचा चेहरा पडला.

रोज दारावर मासळी घेऊन येणाऱ्या उरणच्या सोनाबाई पणत्या घ्यायला आल्या होत्या. त्या चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मास्तर, ही बाय केस सोरून पीठ मलते?"

"सोनाबाई, ही शंभर वर्षांपूर्वीची पॅरिसची शैली आहे."

"आसंल. पन केस परातीत परलं ना! दिवालीचे तोंडावर असं कोन रांधतंय? आमी नाय बाय घेनार."

आसपासच्या बायका फिस्सकन हसल्या. सकाळपासून सगळ्यांच्या मनात हेच होतं.

"अहो," रमाबाई म्हणाल्या, "तिला अंबाडा घाला."

"काय बोलतेस? केस गेले तर मुखा उरेल का?"

"नाही उरला तरी चालेल. भाजणी उरली तर मला चालणार नाही."

हा आवाज सरांनी घरात कधी ऐकला नव्हता. ते निमूटपणे रंगांची पेटी घेऊन स्टुलावर चढले. परातीभोवतीच्या केसांवर पिवळा रंग फासला, त्यावर 'रमाची भाजणी' ठळक लिहिलं आणि अंबाड्याशी येऊन अडले. पुस्तक घरी होतं, आणि जवळ असतं तरी त्यात अंबाडा नव्हता. हाताला सुचेल तसा त्यांनी तो सपाट काळ्या रंगात काढला. डावीकडे जरासा कललेला, आडवा आकडा खोचलेला, मानेवर एक बट सुटलेली.

"अगं बाई, रमाबाई, या तर तुम्हीच!" लोणच्यांकडून कुणीतरी ओरडलं. मग स्टॉलवर झुंबड उडाली. पहिली पिशवी सोनाबाईंनी घेतली, आणि दिवेलागणीला डबे रिकामे झाले.

काशिरामशेठ परत आले. "वहिनींचं चित्र झकास काढलंत, सर. दुकानातही हेच लावू. सोमवारपासून भाजणी पाठवा."

सपाट काळा रंग म्हणजे हा आता लोत्रेक झाला, हे सांगायला सरांनी सवयीने तोंड उघडलं आणि त्यांची नजर रमाबाईंकडे गेली. त्या वाकून डबे आवरत होत्या. अंबाडा डावीकडे कललेला, आकडा आडवा, मानेवर एक बट. सरांना एकदम लाज वाटली.

"हो," ते म्हणाले, "हीच आहे."

रमाबाईंनी पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच ते चित्र नीट पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं अधूनमधून माझ्याकडेही बघत होतात म्हणायचं. मला वाटलं, नुसत्या पुस्तकाकडेच."